विंचूकाट्यावरची गोळी

पुण्यातल्या एका डे-केअर सेंटरमध्ये मी सायकिअॅट्रिक सोशल वर्कर आहे. जानेवारीत नऊ जणांना घेऊन लोहगडला गेले होते. सगळे १९ ते २४ वयाचे. कुणाला स्किझोफ्रेनिया, कुणाला बायपोलर, पण आता सावरत असलेले. मदतीला ट्रेकिंग करणारी तीन पोरं होती.

पहिली लोकल धरायची नाही, हे मागच्या खेपेला कळलं होतं. रात्री ओलान्झपिन (स्किझोफ्रेनियावरचं, गुंगी आणणारं औषध) घेतलेल्या पोराला पहाटे पाचला उठवणं म्हणजे भिजलेलं पोतं उभं करण्यासारखं. त्यामुळे मळवलीला उतरलो तेच नऊला. भाजे गावातून गायमुख खिंडीत पोचेस्तोवर ऊन चांगलंच तापलं होतं.

पाण्यावर माझी सक्त नजर होती. लिथियम (बायपोलरवरचं औषध) घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामातून गेलं की रक्तातली लिथियमची पातळी चढते. हात कापतात, उलट्या होतात, तोल जातो. म्हणून प्रत्येकाकडे दोन बाटल्या आणि ओआरएस. मी एवढं सगळं केलं, आणि मुख्य गोष्ट विसरले.

विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर, जाताना एक छोटासा कातळटप्पा उतरावा लागतो. परतताना तोच चढायचा. तिथे रेवाचा (नाव बदललंय) पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला. ट्रेकवाल्यांपैकी एकाने सवयीने सॅकच्या वरच्या कप्प्यातून डायक्लोफिनॅकची स्ट्रिप काढली. त्याची काही चूक नव्हती. दोर कुठे लावायचा, कोण पुढे, कोण मागे, हे सगळं मी त्यांना सांगितलं होतं. फक्त हे सांगायचं राहिलं होतं. मी खाली शेवटच्या दोघांपाशी अडकलेली.

"मला ही चालत नाही," वरून रेवाचा आवाज आला.

"अगं, पेनकिलर आहे साधी. घे ना."

"साधी नाही. मी लिथियमवर आहे. ही घेतली तर किडनी लिथियम बाहेर टाकत नाही नीट. पॅरासिटामॉल असेल तर दे."

एवढ्या मोठ्याने, की विसापूरच्या बाजूने येणारा वारासुद्धा ते झाकू शकला नाही. या मुलीच्या घरी गोळ्या लाडवाच्या डब्यामागे ठेवतात, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. तिला स्थळं बघणं चालू आहे. (त्यावर बोलायला लागले तर हा लेख लांबेल.)

त्या पोराने मुकाट्याने स्ट्रिप परत ठेवली. मग म्हणाला, "आणखी काय काय चालत नाही? सांगून ठेव." ती सांगत होती आणि तो मोबाइलवर टाइप करत होता. मी वर पोचले तेव्हा क्रेप बँडेज बांधून झालं होतं, आणि माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

उतरताना रेवाला काठी आणि दोन खांदे लागले. चार दरवाजांच्या त्या पायऱ्यांना पाऊण तास गेला. माझं तोंड अजून उतरलेलंच होतं, तेव्हा तीच म्हणाली, "ताई, पाणी प्या. तुम्ही सकाळपासून एक घोटही घेतला नाहीये."

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्या सागरने (हेही बदललेलं नाव) हळूच विचारलं, "तुझी लेव्हल किती?"

"पॉइंट सात. तुझी?"

"पॉइंट आठ."

"जास्त आहे म्हणून शायनिंग नको," रेवा म्हणाली, आणि पाय समोरच्या बाकावर टाकून झोपली.