चौदा सेंटिमीटरची तांब्याची नळी

फोटोडायोडचा (प्रकाश पडला की सूक्ष्म विद्युतप्रवाह देणाऱ्या घटकाचा) ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आला होता. डब्याला टिचकी मारली तरी रीडिंग उडतं, अशी तक्रार. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, टिचकीचे काटे दिसलेच, शिवाय ६५ किलोहर्ट्झची अखंड लहर. ती एसएमपीएसची, म्हणजे वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज बदलणाऱ्या पॉवर सप्लायची. सप्लाय एका कोपऱ्यात, डायोड दुसऱ्यात, आणि डायोडपासून बोर्डापर्यंत १४ सेंमी आरजी-१७४, म्हणजे मधल्या तारेभोवती प्लॅस्टिक आणि त्यावर तारांची जाळी असलेली बारीक लवचीक केबल.

ॲम्प्लिफायरचा फीडबॅक रेझिस्टर (प्रवाहाचं व्होल्टेज करणारा) १० मेगाओहमचा, म्हणजे १ नॅनोॲम्पियरला १० मिलिव्होल्ट. सप्लायमधल्या १०० व्होल्टच्या त्या लहरीला एका फेम्टोफॅरॅडची, म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटन्सची, वाट मिळाली तरी सुमारे ४० नॅनोॲम्पियर आत येतात. इथे तर बोर्डाजवळ जाळी पिळून शेपटी केलेली आणि मधली तार २५ मिमी उघडी. त्या उघड्या भागावर ग्राउंडला जोडलेली तांब्याची पट्टी धरली, तर लहर बरीचशी बसली. टिचकीचे काटे मात्र तसेच. केबल हलली की जाळी प्लॅस्टिकवर घासते आणि विद्युतभार तयार होतो; त्यावर पट्टीचा काय उपयोग?

म्हणून २.१८ मिमी व्यासाची सेमी-रिजिड (एकदा वाकवली की तशीच राहणारी) केबल घेतली: तांब्याची अखंड नळी, आत टेफ्लॉन, मधोमध ०.५१ मिमीची तार. ही तार तांबं चढवलेल्या पोलादाची असते. नाजूक कटरने ती तोडू नये, धारेला खाचा पडतात.

आकार आधी साध्या तांब्याच्या तारेवर बेतून घेतला. नळी १० मिमी ड्रिलच्या दांड्याभोवती हळूहळू वाकवली. आतली त्रिज्या ३.२ मिमीच्या खाली नेऊ नये, आणि वाकवलेली नळी सरळ करून पुन्हा त्याच जागी वाकवू नये. तांबं कडक होऊन तडकतं. टोक सोलताना ब्लेडखाली नळी फिरवून फक्त चर पाडायचा आणि तिथे हलकेच मोडायची. ब्लेड तारेपर्यंत गेलं तर तिथेच ती पुढे तुटते.

सर्वांत जपायचं ते सोल्डरला. बारीक टोकाचं आयर्न रेंगाळतं आणि उष्णता टेफ्लॉनमध्ये उतरते. रुंद टोक, ३५० अंश, आणि काम दोन-तीन सेकंदांत. तरीही टेफ्लॉन फुगून थोडं बाहेर आलं. थंड झाल्यावर कापलं. डायोडकडे थेट नळीवर बसणारा एसएमए प्लग (आटे असलेला छोटा कनेक्टर). बोर्डाकडे नळी ग्राउंडच्या तांब्यावर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी सोल्डर केली. मधली तार फक्त ३ मिमी उघडी, सरळ ऑपॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या चिपच्या) पायाला. श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारं प्लॅस्टिकचं आवरण) मात्र प्लग लावण्याआधीच चढवावी लागते, नाहीतर उघडी नळी बोर्डावरच्या १५ व्होल्टच्या ट्रॅकला टेकू शकते.

माझ्या मते लहर गेली ती नळीमुळे कमी आणि टोकं नीट बंद झाल्यामुळे जास्त. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तर ही नळी अडवतच नाही: तांब्यात त्याची स्किन डेप्थ (क्षेत्र धातूत जेवढं शिरून क्षीण होतं ती खोली) ९ मिमीच्या वर, आणि नळीची भिंत पाव मिलिमीटर.

वाकवल्यावर लगेच शून्य (प्रकाश नसतानाचं रीडिंग) पाहू नये, ताणलेलं टेफ्लॉन बराच वेळ विद्युतभार सोडत राहतं. डबा रात्रभर चालू ठेवला. सकाळी शून्य जागेवर होतं, आणि टिचकी मारली तरी हललं नाही.