पंचमीला कोहळा कशासाठी?

नवरात्रात बाहेरगावचे पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला असतो. ललिता पंचमीला, म्हणजे नवरात्राच्या पाचव्या दिवशी, कोल्हापूरची अंबाबाई देऊळ सोडून टेंबलाई देवीच्या टेकडीवर का जाते, आणि तिथं कोहळा कशासाठी फोडतात? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

दोन कथा आहेत. करवीर माहात्म्य या कोल्हापूरची महती सांगणाऱ्या ग्रंथातला कोल्हासुर राक्षस सगळ्यांना ठाऊक असतो. अंबाबाईनं त्याला मारलं, तेव्हा मरता मरता त्यानं वर मागितला की या क्षेत्राला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी माझ्या नावानं कोहळ्याचा बळी दिला जावा. देवीनं दोन्ही मान्य केलं.

पण घरात मुलांना मी आधी दुसरी सांगते, टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोलीची. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्यानं कपिलमुनींचा योगदंड मिळवला आणि त्याच्या जोरावर अंबाबाईसकट सगळ्या देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबोलीनं कामाक्षाला मारलं, दंड हिसकावला आणि सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला, मानपान झाले, आणि त्र्यंबोलीला बोलवायचंच राहून गेलं! ती रुसली. गावाबाहेर पूर्वेच्या टेकडीवर जाऊन, गावाकडं पाठ करून बसली.

चूक लक्षात आल्यावर अंबाबाईनं निरोप धाडला नाही, ती स्वतः निघाली. सगळे देव, सगळा लवाजमा घेऊन टेकडी चढली. त्र्यंबोली म्हणाली, कामाक्षाला कसा मारला ते सगळ्यांना दाखवते. कोहळा म्हणजे कामाक्ष, आणि तो फोडणं म्हणजे तोच वध. मला ही कथा फार जवळची वाटते. साडेतीन पीठांतलं एक पीठ असलेली थोरली देवी मान द्यायचा राहिला म्हणून आपण होऊन दारात जाते, आणि सगळं कोल्हापूर दरवर्षी तिच्यासोबत चालतं.

त्या दिवशी अंबाबाईची पालखी निघते, भवानी मंडपातल्या तुळजाभवानीची पालखीही असते. शाहू मिल, टाकाळा करत जाताना दारोदारी रांगोळ्या असतात, बायका आरतीची ताटं घेऊन थांबलेल्या असतात. टेकडीवर दोघी देवींची भेट होते. मग छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत मानाच्या घरातली कुमारिका त्रिशूळानं कोहळ्यावर घाव घालते. पुढचं काही क्षणांतच उरकतं, कारण फुटलेल्या कोहळ्याची फोड मिळावी म्हणून माणसं अक्षरशः तुटून पडतात. ती फोड घरात शुभ मानतात. श्रद्धा मलाही आहे, पण त्या रेटारेटीत लहान मुलं नेऊ नका, हे कळकळीनं सांगते.

पंचमी जमली नाही तर आषाढात या. मंगळवारी, शुक्रवारी गल्लीगल्लीतून मिरवणुका निघतात. पंचगंगेला आलेलं नवं पाणी कलशात भरून पोरीबाळी डोक्यावर घेतात, पुढं 'पी-ढबाक' हे पारंपरिक वाद्य वाजत असतं, आणि ते पाणी टेंबलाईच्या पायरीवर ओततात. पाऊस असतो, टेकडीवर चिखल असतो, तरी गर्दी हटत नाही.

आणि एरवी कधीही आलात, तरी अंबाबाईचं दर्शन झालं की लगेच गाडी महामार्गाला लावू नका. टेंबलाई नाक्यावरून टेकडी जवळच आहे. ओटी विकणाऱ्या मावशींच्याकडनं ओटी घ्या आणि वर जाऊन या.