टर्बो का नाही बसवला?

तुम्ही विचारलंत म्हणून. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारलंत, हँगरमध्ये विचारलंत, परवा पुण्याच्या मेहुण्यानेही फोनवर तेच विचारलं. कोलोरॅडोत राहता, समोर १४,००० फुटांचे डोंगर, नऊ वर्षं गॅरेजमध्ये खपून विमान बांधलंत, आणि इंजिन साधंच?

साधं म्हणजे लायकॉमिंग कंपनीचं १८० अश्वशक्तीचं, टर्बोशिवाय. टर्बो म्हणजे वरची विरळ हवा दाबून इंजिनात भरणारा पंप. माझं ठरलेलं उत्तर तुम्हाला पाठ असेल: वजन वाढतं, काउलिंगखाली, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखाली, उष्णता कोंडते, दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जागा नाही, खर्च. सगळं खरं आहे आणि सगळ्या सबबी आहेत. मला धास्ती आहे ती स्वतःची.

ग्रँड जंक्शनहून डोंगर ओलांडून लाँगमाँटला परतत होतो, १३,५०० फुटांवर. शेजारी मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची. १२,५०० ते १४,००० फुटांमध्ये वैमानिकाला ३० मिनिटं ऑक्सिजनशिवाय चालतं, असा इथला नियम. पंचविसाव्या मिनिटाला मी शहाण्यासारखी नळी नाकात अडकवली. सीटमागच्या बाटलीचा कॉक उघडलाच नाही.

धाप लागेल, गुदमरेल असं वाटतं ना? काही होत नाही. कार्बन डायऑक्साइड बाहेर जातच असतो, त्यामुळे शरीर बोंब मारत नाही. उलट मला फार छान वाटत होतं. गुणगुणत होतो. जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरने रेडिओची नवी फ्रिक्वेन्सी दिली, ती मांडीवरच्या पॅडवर लिहिली. तो कागद अजून आहे माझ्याकडे. पहिले तीन आकडे माझे, पुढचे बालवाडीतल्या पोराचे, ओळ सोडून खाली घसरलेले.

"बाबा, ते आपल्यालाच बोलावतायत ना?"

"हो," म्हणालो आणि हसलो. रेडिओवर उत्तर मात्र दिलं नाही.

तिने रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आधी स्वतःच्या बोटाला लावला. ८७. मग माझ्या. ७६. माझी नखं जांभळट झालेली. पट्टा सैल करून ती मागे वळली आणि कॉक उघडला. मिनिटभरात समोरचं पॅनेल उजळलं. ते अंधुक झालं होतं, हेच मला तोवर कळलं नव्हतं.

त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. साधं इंजिनही माझ्यासारखंच दमतं तिथे. टर्बोवालं मात्र दाब निम्म्यावर आलेल्या १८,००० फुटांवरही ताजंतवानं, मला आणखी वर न्यायला तयार. म्हणून म्हणतो, माझ्याबरोबर दमणारंच बरं.

पण मग त्या दिवशी टर्बो कुठे होता? साध्या इंजिनानेच नेलं ना १३,५०० वर? शिवाय लेडव्हिलच्या ९,९३४ फुटांवरच्या धावपट्टीवरून जुलैतल्या दुपारी उडताना झाडं काही केल्या खाली जात नाहीत, तेव्हा टर्बो ही चैन वाटत नाही. मान्य. मग मी कॉक विसरलो त्याची शिक्षा इंजिनाला का? काय सांगू. कॅटलॉग उघडतो, तो कागद आठवतो, कॅटलॉग मिटतो.

मुलगी आता स्वतः उडायला शिकतेय. तीही टर्बोच्याच बाजूची. बाटली हल्ली दोन सीटच्या मध्ये, हात पोचेल अशी बांधलीय. कॉक मी उघडलेला असला तरी ती एकदा बंद करून पुन्हा उघडते. मला अजून राग येतो.