३ लाख ६२ हजारांची बोली, ४ लाख ४१ हजारांचा ट्रॅक्टर

पार्किंगचे २१ हजार ४०० रुपये. फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावात बोली लावलेला ट्रॅक्टर मला मंजूर होऊन दोन दिवस झाले होते आणि लिलावाच्या यार्डातल्या पोरानं कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला. "रोजचे शंभर, दोनशे चौदा दिवस." मी म्हटलं, मी घेऊन दोन दिवस झालेत, दोनशे रुपये घे. तो म्हणाला, गाडी यार्डात आल्यापासूनचं भाडं घेणाऱ्यावर असतंय. हप्ते थकवले दुसऱ्यानं, ट्रॅक्टर ओढून आणला फायनान्सवाल्यानं, सात महिने पावसापाण्यात उभा केला यार्डवाल्यानं, आणि भाडं मी भरायचं! अटींचा कागद काढून बघितला तर त्यात एवढंच: पार्किंगचा खर्च खरेदीदाराकडे. कुठल्या तारखेपासून, ते कुठंच नाही.

साडेतीन तास भांडलो. ९ हजारांवर मिटलं, तेही पावतीशिवाय. म्हणून बोलीचा नंबर घ्यायच्या आधी ऑफिसच्या खिडकीवर जा, लॉट नंबर सांगा आणि विचारा की या गाडीचं आजवरचं पार्किंग किती झालंय आणि ते कोण भरणार. तोंडी उत्तर घेऊ नका. तिथंच उभं राहून व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. देत नसतील तर ते २० हजार आपल्या बोलीतून आधीच वजा करून बसा. इंजिन-बिंजिन नंतर बघू, आधी हे.

आता सुरुवातीपासून. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीकडचे. घरचा साडेचार एकर ऊस, शिवाय भाड्यानं नांगरट आणि रोटर मारायचा विचार, म्हणून ५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर हवा होता. एका पाव्हण्यानं सांगितलं, ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावात निम्म्या किमतीत पडतो. पाव्हण्यानं स्वतः कधी घेतला नव्हता, हे मला नंतर कळलं. यार्ड कागलच्या अलीकडं, हायवेच्या सर्व्हिस रोडला. नाव लिहीत नाही. असली यार्डं दोन-चार आहेत आणि माझा अनुभव एकाचाच आहे.

वेळ चुकली ही पहिली चूक. दसरा झाला होता, दिवाळी तोंडावर, म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटायच्या बेतात. आपल्या जिल्ह्यात ५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर शेतात कमी आणि ऊस ओढायला रस्त्यावर जास्त. मागं दोन ट्रॉल्या नाहीतर अंगदची, म्हणजे छोट्या गाड्यांची, माळ लावून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत. या दिवसांत प्रत्येक वाहतूकदार गाडी शोधत असतो. हंगाम संपला की चित्र उलटं. वाहतूकदारानं ऊसतोडीच्या मुकादमाला लाखांनी उचल दिलेली असते, टोळी येत नाही किंवा अर्ध्यातून पळते, हप्ते तुंबतात आणि गाडी यार्डात जाते. तिथं उभ्या बऱ्याच गाड्यांची हीच गोष्ट आहे. तेव्हा लिलाव गाठायचा तर एप्रिल-मेमध्ये. ऑक्टोबरात जाणं म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी फुलं घ्यायला जाणं.

भाव चढायला आणखी एक कारण. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ चा, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नियम लागला. नव्या गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिकवर चालणारी डिझेलची यंत्रणा आली, सेन्सर आले. गावाकडच्या मिस्त्रीला पाना लावून उघडता येणारा साधा पंप पाहिजे असतो, म्हणून २०२३ च्या आधीच्या मोठ्या गाड्यांवर डीलर घारीसारखे बसलेले असतात. ५० च्या खालच्या गाड्यांचं गणित मात्र वेगळं आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. छोटा ट्रॅक्टर हवा असेल तर शोरूमला जा. लिलावात घेण्यात मला तरी आता अर्थ दिसत नाही.

गाड्या बघायचा दिवस बरा गेला. मिसळ खाल्ली, ऊनही नव्हतं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मिस्त्रीमामांना बरोबर नेलं होतं. मिस्त्री नसेल तर जाऊ नका, विषय संपला. दिवसाचे हजार-दीड हजार घेतील, द्या.

यार्डातल्या एकाही गाडीला बॅटरी नव्हती. "चालू करून दाखवत नाही, जशी आहे तशी." हे उत्तर ऐकून आम्ही रिकाम्या हातानं दोन तास फिरलो. शेवटी मामा म्हणाले, "मालक, गाडीतली आपली बॅटरी काढून आणा की." जीपची बॅटरी काढली, डिझेलचा कॅन आणला, वॉचमनला चहापाण्याचे दोनशे दिले, तेव्हा तीन गाड्या चालू करता आल्या. बॅटरी, जाड केबल, पाच लिटर डिझेल आणि पाने घरूनच घेऊन जा.

ऊस ओढलेली गाडी कशी ओळखायची? मीटरचे तास बघू नका, वायर काढून ठेवलेली असते. मामा पहिल्यांदा मागं गेले आणि हूकच्या पिनचं भोक बघितलं. गोल भोक लांबोळं झालं असेल तर गाडीनं टनानं ऊस ओढलाय. मग क्लचचं पेडल आणि त्यावरचं रबर. ऊसवाल्याचा पाय सारखा क्लचवर असतो, चढाला लोड घेऊन उठताना प्लेट जळते. गाडी चालू करून वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडला तर इंजिन दबून बंद पडायला पाहिजे. नुसतंच घरघरत राहिलं तर प्लेट गेली. मागच्या एक्सलच्या सीलमधून तेल, स्टिअरिंगला वीतभर प्ले, पुढची चाकं आतून झिजलेली, ही सगळी डबल ट्रॉलीची लक्षणं. इंजिन गार असतानाच चालू करा आणि तेलाचं झाकण उघडून बघा. भसाभसा धूर येत असेल तर रिंगा गेल्या. गेजपट्टीवरचं तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी मिसळतंय, त्या गाडीकडं परत बघू नका.

आणि महापूर विसरू नका. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची रेघ कुठल्या कुठं ओलांडून गेली होती, शिरोलीजवळ हायवेच बंद होता. तेव्हा शिरोळ-करवीरच्या नदीकाठाला बुडलेल्या गाड्या रंग मारून अजून फिरतायत. हेडलाइटच्या काचेच्या आत, डॅशबोर्डच्या मागं, फ्यूजच्या डब्यात बोट घालून बघा. वाळलेला गाळ बोटाला लागतो. एका चकचकीत गाडीत आम्हाला तो सापडला. त्या गाडीला लिलावात चांगला भाव आला. घेणाऱ्याला सांगावंसं वाटलं होतं, सांगितलं नाही.

आमची नजर २०१९ च्या एका गाडीवर बसली. एमएच-०९ पासिंग, इंजिन कोरडं, क्लच संपत आलेला, मागची टायरं टक्कल पडलेली. शेजारी केए-२३ ची तशीच गाडी स्वस्तात जाणार होती, पण कर्नाटकची एनओसी आणायची, इथं परत पासिंग करायचं, एवढा जीव माझ्यात नव्हता.

लिलाव दुपारी. पुढच्या रांगेत सात-आठ डीलर खांद्याला खांदा लावून बसलेले. आपसात बोली वाढवत नाहीत, नंतर चहाच्या टपरीवर त्यांचा आतला लिलाव होतो. शेतकऱ्यानं हात वर केला की मात्र सगळे जागे होतात. मी ठरवून गेलो होतो, साडेतीनच्या वर जायचं नाही. ३ लाख ६२ वर थांबलो. वरचे १२ हजार निव्वळ ईर्षेचे, ते कुणाच्या माथी मारत नाही. आकडा हातावर लिहून जा म्हणतात, मी लिहिला होता. घामानं पुसला.

बोली सुटली म्हणजे गाडी तुमची झाली, असं नसतं. तुम्ही नुसते एच-वन, म्हणजे सगळ्यात मोठी बोली लावणारे. फायनान्सवाल्यांची मंजुरी यायची असते, तोवर अनामत अडकलेली. माझी नवव्या दिवशी आली. मंजुरी नाही आली तर अनामत मिळते, पण नऊ दिवस तुम्ही दुसरी गाडी घेऊ शकत नाही. यार्डाचं कमिशन दोन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी.

गाडी आणायला गेलो तो दिवस मात्र कधी विसरणार नाही. पार्किंगचं वर सांगितलंच. पार्किंग मिटवून गाडीजवळ गेलो तर पुढची दोन वजनं गायब. बघायच्या दिवशी होती, माझ्याकडं फोटो होता. फोटो दाखवल्यावर पोरगा कुठल्याशा दुसऱ्या गाडीची वजनं काढून घेऊन आला! म्हणजे आता त्या गाडीची कमी. मी घेतली. त्यामुळं फोटो काढाच, चारी बाजूंनी, टूलबॉक्स उघडून, टायरचे नंबर दिसतील असे.

तोवर साडेसहा वाजले. लोडिंगच्या गाडीवाल्यानं सात हजार सांगितले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, चालवतच नेतो. हा माझा मूर्खपणा, तुम्ही करू नका. विम्याची मुदत संपलेली, एकच हेडलाइट, तोही आभाळाकडं तोंड करून. कागल सोडून मुरगूडच्या रस्त्याला लागलो आणि परतीचा पाऊस सुरू झाला. निढोरीच्या अलीकडं क्लच घसरायला लागला, मागं ट्रॉली नसताना! समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीनं डिपर मारून आईबहीण काढली असणार. मुदाळ तिट्ट्यावर चहा प्यायला थांबलो तर हाताला कंप सुटलेला, कप धरवेना. मामा मागून जीपमधून येत होते, एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचलो तेव्हा साडेअकरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम विम्याचं केलं. यार्डातून चाक बाहेर पडायच्या आधी विमा काढा, गाडी लोडिंगनं न्या आणि सात हजार गपगुमान द्या.

कागदांचं थोडक्यात, कारण एजंटानं मला इथंही फिरवलं. तो म्हणाला, लिलावाची गाडी म्हणजे फॉर्म ३२. चूक. ३२ नंबर सरकारी लिलावासाठी असतो, म्हणजे वाळूचे पकडलेले ट्रॅक्टर तहसीलदार विकतात तसले. फायनान्सच्या गाडीला कर्जाचा बोजा उतरवायला ३५, नाव बदलायला २९ आणि ३०. मूळ मालकाच्या सह्या नसतील तर फायनान्सवाल्यानं आधी ३६ नंबरवर आरसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते, त्यासाठी मालकाला ३७ ची नोटीस जाते. हे झालंय का, ते पैसे भरायच्या आधी विचारा. बोलीच्या आधी एम परिवहन अॅपवर नंबर टाकून बोजा, विमा, चलनं बघा आणि चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या.

हिशेब असा. बोली ३,६२,०००. कमिशन कर धरून ८,५४३. पार्किंग ९,०००. बॅटरी ७,०००. क्लचचं काम मजुरीसकट १८,०००. मागची दोन जुनी पण बरी टायरं २४,०००. विमा ५,८००. आरटीओ एजंट ६,५००. झाले ४,४०,८४३, डिझेल, चहापाणी आणि मामांची मजुरी सोडून. मुरगूडचा एक डीलर याच मॉडेलची गाडी टायर-क्लच करून, कागद नावावर करून ४ लाख ६० ला देत होता. म्हणजे मी तेरा-चौदा दिवसांची धावपळ करून १९ हजार वाचवले, डिझेल-मजुरी धरली तर त्याहून कमी. ज्याला शेतातली कामं खोळंबून चालत नाही त्यानं सरळ डीलरकडं जावं.

एक राहिलं. टूलबॉक्समध्ये मागच्या मालकाच्या ऊस वाहतुकीच्या चिठ्ठ्या निघाल्या, रबर लावून नीट ठेवलेल्या. मडगार्डवर लिहिलेलं चांगभलं तसंच ठेवलंय. गावात दोघातिघांनी विचारलं, कुणाचा हो हा? मी लिलावाचा म्हणतो आणि विषय बदलतो.

गेल्या आठवड्यात नांगरट केली. इंजिन झकास आहे, दम मारत नाही. मामा बांधावर बसून म्हणाले, "इंजिन बघूनच घेतलंय न्हवं." चैत्रात ट्रॉलीसाठी परत त्याच यार्डात जाणार आहे. ट्रॉलीला बॅटरी नसते, तेवढाच एक ताप कमी. पार्किंगचं मात्र आत्ताच फोन करून विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.