काचेच्या कौलाखालचा उजेड

गुहागरच्या आमच्या जुन्या घरात माजघरावर एकच काचेचे कौल आहे. सकाळी अकराच्या सुमारास त्यातून तिरका उतरणारा कवडसा जांभ्याच्या भिंतीवर टेकतो, आणि तेवढ्याच उजेडात मी गेल्या मार्गशीर्षात एका विवाहित जोडप्याची जवळिकीची व्यक्तिचित्रे टिपली. लेन्स ८५ मिमीची होती, फ्लॅश मुळीच वापरला नाही. असा अरुंद प्रकाश मानेचा उतार, खांदा, उताणा तळहात एवढेच दाखवतो आणि उरलेले अंधाराकडे सोपवतो. शृंगाराला हे झाकलेपणच पोषक ठरते, असे माझे ठाम मत आहे.

अशा चित्रांत नेहमी दिसणारी सॅटिनच्या चादरी आणि ठरावीक पोझ यांची शैली मला रुचत नाही, कारण तिच्यात व्यक्ती हरवते. अमेरिकी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९१७ पासून सुमारे वीस वर्षे पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांची तीनशेहून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांतली कित्येक केवळ हातांची आहेत, तरीही त्या बोटांतून दोघांमधले नाते जाणवते.

समुद्रावर मात्र पद्धत बदलावी लागते. मावळतीचा सूर्य माणसांच्या पाठीशी घेतला की त्वचेचा तपशील पुसला जाऊन नुसती आकृती उरते, आणि ओल्या वाळूत तिचे प्रतिबिंब पडते. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर बसणारा थर मात्र सारखा पुसावा लागतो.

माजघरात टिपलेले प्रत्येक चित्र मी आधी त्या जोडप्याला दाखवले. वहिनींनी नको म्हटलेली चार चित्रे त्यांच्यासमोरच काढून टाकली; त्यांतले एक मला फार आवडले होते.