फराळाचे रविवार

आमच्या इमारतीच्या महिला मंडळाचं दिवाळी संमेलन भाऊबीज झाली की येणाऱ्या शनिवारी गच्चीवर व्हायचं. सतरंज्या, भाड्याने आणलेला माईक, मुलांचे नाच, आजीमंडळींच्या ओव्या, रांगोळी स्पर्धेची बक्षिसं, सगळं अगदी रीतसर. पण त्या इमारतीत वाढलेल्या कुणालाही विचारा, संमेलन म्हटलं की त्याला आधी गच्ची आठवणारच नाही. आठवतील ते दसऱ्यानंतरचे रविवार. जिन्यातून वर जाताना पहिल्या मजल्यावर बेसन भाजल्याचा वास, दुसऱ्यावर वेलदोड्याचा, तिसऱ्यावर तळणाचा. माझ्या मते खरं संमेलन तेच होतं.

ही डोंबिवली पूर्वेची गोष्ट, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची आणि नव्वदीच्या सुरुवातीची. आमच्याकडच्या निम्म्याहून अधिक बायका नोकरी करणाऱ्या. कुणी बँकेत, कुणी मंत्रालयात, कुणी टेलिफोनमध्ये, कुणी शाळेत. आम्हा मुलांच्या तोंडी त्यांची नावंही तशीच, बँकेतल्या काकू, टेलिफोनवाल्या मावशी, शाळेतल्या बाई. सकाळी डबे भरून लोकल गाठायची आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत जागा मिळालीच तर मांडीवर पिशवी पसरून गवार मोडत, मटार सोलत यायचं. अशा बाईच्या हातात आठवड्याचा उरतो एक रविवार. दसरा ते वसुबारस सोळा-सतरा दिवस. त्यात रविवार येतात दोन, फार तर तीन. तेवढ्यात घराची साफसफाई, कपड्यांची खरेदी, मुलांची सहामाही परीक्षा आणि वर पाच-सहा जिन्नसांचा फराळ. एकटीच्या हातून हे उरकणं कठीणच. म्हणून मंडळानं फराळ वाटून घेतला. एका घरी एकच जिन्नस करायचा, पण सगळ्या घरांचा.

आदल्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळालेल्या बायका रेशनच्या रांगेत जायच्या. दिवाळीला जादा साखर, रवा, मैदा आणि पामतेल यायचं आणि ते संपायच्या आत गाठावं लागायचं. आम्हा मुलांच्या गळ्यात पिशव्या अडकवून रांगेत नंबर लावायला पाठवत. गिरणीत मात्र मुलांना एकटं पाठवत नसत. चकलीची भाजणी गव्हावर दळली तर चकलीचा खुसखुशीतपणा जातो, म्हणून कुणीतरी मोठं माणूस डब्यापाशी उभं राहून बजावायचं, ‘गव्हावर नको हो, तांदळावर टाका.’ दळण करणारे दादा सगळ्यांची भाजणी ओळीने लावून ठेवायचे. त्या दिवसांत गिरणीच्या दारात भाजलेल्या धन्या-जिऱ्याचा असा घमघमाट असायचा की रस्त्यावरून जाणारा माणूस थबकायचा.

रविवारी सकाळी आधी घराची कामं. गाद्या गच्चीवर नेऊन झोडपायच्या, झाडू काठीला बांधून जळमटं काढायची, पितळेची भांडी चिंचेने घासायची. पाणी दोन तास येणार, त्यात चादरी-पडदे उरकायचे. ही कामंही जोडीजोडीने व्हायची. इमारतीत शिडी एकच होती आणि ती सकाळपासून या घरातून त्या घरात फिरायची. शिडीबरोबर ती धरणारी बाईही जायची. मग एकीचा पंखा पुसून झाला की दुसरीचा माळा. दहाच्या सुमाराला सगळ्या न्हाऊन, पदर खोचून, ज्या घरी ज्या जिन्नसाची पाळी असेल तिथे हजर.

चकलीचं घर आमचं. आमच्याकडे मोठी कढई होती आणि आईचा हात चकलीला बसलेला होता. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, वाटीभर मुगाची, अर्धी वाटी उडदाची, मूठभर पोहे, धने, जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. हे प्रमाण आईनं कधी कागदावर लिहिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण दर वर्षी डोळ्यांपुढेच होत होतं. पाण्यात तिखट, हळद, हिंग, तीळ, ओवा, मीठ आणि मोहन घालून उकळी आली की भाजणी ओतायची, उलथन्याने ढवळून झाकून ठेवायची. मग टेलिफोनवाल्या मावशी परातीपाशी बसून मळायला घ्यायच्या. उकड गरम असतानाच मळायची असते. त्या पाण्याचा हात लावत लावत, तळव्याच्या टाचेने पीठ रेटत राहायच्या आणि बोलणं मात्र ऑफिसातल्या बढतीचं चालू. एकीनं सोऱ्या फिरवायचा, दुसरीनं कागदाच्या चौकोनावर चकली पाडून घ्यायची, तिसरी कढईपाशी. सोऱ्यातून पडताना चकली तुटली तर पीठ परत मावशींकडे. तेलात सुटी व्हायला लागली तर मोहन जास्त झालं, त्यात थोडी भाजणी आणखी घालायची. तेलातले बुडबुडे कमी झाले की चकली झाली.

पहिली चकली देवापुढे. दुसरी मात्र तिथेच मोडली जायची. आई ती हातात घेऊन कानाजवळ न्यायची आणि मोडायची. सगळ्या गप्प. कट्‌कन आवाज आला की आई मान हलवायची, आणि तोवर थांबवून ठेवलेल्या गप्पा एकदम सुरू व्हायच्या. मी कढईपासून लांब, दाराच्या चौकटीत बसलेली असायचे. मोडलेल्या त्या चकलीचे तुकडे आम्हा मुलांचे. चकली कानाने ऐकायची असते हे मला तिथे समजलं आणि आजही मी तशीच मोडून बघते.

अनारशांचं खातं तळमजल्यावरच्या आजींचं. त्यांना नोकरी नव्हती, पण त्यांच्या जिन्नसाला सगळ्यात जास्त दिवस लागायचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी फडक्यावर पसरून किंचित ओलसर असतानाच कुटायचे, बारीक चाळायचे, मग किसलेला गूळ घालून गोळा डब्यात मुरत ठेवायचा. खसखशीवर थापून खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. एखादा अनारसा तुपात पसरायला लागला की आजी म्हणायच्या, ‘हसला गं, पिठी आण.’ बाजूला काढून ठेवलेली तांदळाची पिठी गोळ्यात मिसळली की पुढचा जमायचा. जाळी पडत नसेल तर केळ्याचा छोटा तुकडा मळून घ्यायच्या. बँकेतल्या काकू, ज्यांच्यापुढे शाखेतला अख्खा स्टाफ वचकून असायचा म्हणे, त्या आजींच्या शेजारी पाटावर बसून निमूट खसखस पसरायच्या. अनारसे शिकायला त्यांना बरीच वर्षं लागली, आणि जमले तेव्हा आजींनी स्वतःच्या हातची पितळी चाळणी त्यांना दिली.

करंज्यांना सर्वांत जास्त हात लागत. एकीने लाटायचं, एकीने सारण भरायचं, एकीने कातणाने कापायचं, आणि ओल्या फडक्याखाली झाकायचं काम आमचं. फडकं वाळलं तर करंजी तडकते, त्यामुळे ते काम किरकोळ समजू नका असं आम्हाला दर वर्षी सांगितलं जाई. चिवड्याचे पातळ पोहे गच्चीवर उन्हात पसरून कावळे हाकलायचं कामही मुलांचंच. तिथेच एका कोपऱ्यात आमचा किल्ला उभा राहत असे. अळीव पेरायचा, दगडांवर माती थापायची, आणि एक डोळा पोह्यांवर ठेवायचा. बाबालोक बांबूच्या कामट्या तासून, पतंगी कागद खळीने चिकटवून इमारतीचा मोठा कंदील करत. शिवाय सिलिंडर मिळायला तेव्हा इतके दिवस लागत की तळणासाठी रॉकेलचे स्टोव्ह वर-खाली नेणं, पिना मारणं हेही त्यांच्याकडे.

हिशोब बँकेतल्या काकूंच्या लांबट वहीत. कुणी किती साखर दिली, तेल किती, तूप किती, वर्गणी किती. त्या वहीबद्दलची एक गोष्ट मला खूप नंतर आईकडून कळली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची नोकरी १९८२ च्या गिरणी संपात गेली होती. पुढे ते मिळेल ते काम करत, पण घरात ओढाताण कायमची. त्या घरच्या काकूंनी पहिल्याच वर्षी हळूच सांगितलं होतं, यंदा आम्हाला धरू नका. बँकेतल्या काकूंनी वहीत त्यांच्या नावापुढे सगळ्यांइतकीच रक्कम लिहून ‘जमा’ असा शेरा मारला आणि पैसे मंडळाच्या शिलकीतून घातले. दर वर्षी तसंच. वही सगळ्यांना बघायला मोकळी असायची, त्यामुळे कुणालाच वेगळं काही दिसलं नाही. करंजीची मुरड घालण्यात त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बोटांना तोड नव्हती. सगळ्या इमारतीच्या करंज्या त्यांच्या हातून जायच्या. देणं आणि घेणं इतक्या सभ्यपणे होताना मी त्यानंतर फार कमी वेळा पाहिलंय.

वाटप वसुबारसेच्या संध्याकाळी. डबे ओळीने मांडून मोजून भरायचे. पण त्याआधी एक वेगळा डबा भरला जायचा. ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलेलं असेल, तिथे कढई चढत नाही. त्या घरचा फराळ शेजाऱ्यांनी द्यायचा ही रीत आहेच. आमच्याकडे त्यात एवढीच भर होती की तो डबा सगळ्यात आधी भरायचा, त्यात प्रत्येक जिन्नस असायचा, आणि तो पोचवायला दोघी-तिघी मिळून जायच्या. डबा ठेवून लगेच निघायच्या नाहीत. चहा करायच्या, तिथेच, त्यांच्याच स्वयंपाकघरात, आणि बसायच्या. आजी गेल्या त्या वर्षी तो डबा तळमजल्यावर गेला. त्यातले अनारसे बँकेतल्या काकूंचे होते.

नरकचतुर्दशीला पहाटे रेडिओवर कीर्तन, उटणं, कारीट फोडणं आणि सगळ्यांकडचा तोच फराळ. तरी पुन्हा एकमेकांकडे जाऊन खायचा! थोडी मोठी झालेली मुलंमुली नवे कपडे घालून फडके रोडवर पळत. गणेश मंदिरात दर्शन आणि मग रस्ताभर ओळखीचे चेहरे. डोंबिवलीकरांना त्याबद्दल काही सांगायला नको. नंतरच्या शनिवारचं गच्चीवरचं संमेलन छान व्हायचं, पण तोवर बायका दमलेल्या असत आणि उरलेल्या चिवड्याची भेळ करून वाढली की कार्यक्रम संपे.

एका वर्षी कुणीतरी सुचवलं, एवढं करतोच आहोत तर विकूया. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि त्यातून लिज्जत उभी राहिली, हे उदाहरण तेव्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. चर्चा बरीच झाली. शेवटी ठरलं की नको. नोकरी सहा दिवस करतोच, सातवा दिवस आपल्यासाठी राहू दे. मला तो निर्णय तेव्हाही आवडला होता, आणि आज विकतच्या फराळाची इतकी सोय झालेली असताना तर जास्तच पटतो. विकत घेण्यात काही वाईट नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी जरूर घ्यावा, त्यावर कित्येक घरं चालतात. पण त्या रविवारी चकलीबरोबर जे व्हायचं ते पाकिटात येत नाही. कुणाची सासू आजारी आहे, कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, कुणाला गाठ लागतेय आणि दवाखान्यात जायची भीती वाटतेय, हे सगळं परातीभोवती बोललं जायचं. टेलिफोनवाल्या मावशींना डॉक्टरकडे घेऊन गेल्या त्या शाळेतल्या बाई, आणि ते ठरलं शंकरपाळे कापताना. वेळेवर गेल्या म्हणून मावशी आज आहेत.

इमारत आता नाही, तिथे टॉवर आहे. मंडळातल्या बऱ्याच जणी नाहीत. आम्ही त्या वेळच्या पाच-सहा मुली मात्र अजून दसऱ्यानंतरचा एक रविवार धरून ठेवतो. एक मुलुंडला, एक बदलापूरला, एक पुण्याहून पहाटेच्या गाडीने येते. नवरे आणि मुलगेही आता सोऱ्या फिरवतात, आणि आमच्यातल्या एकीच्या मुलाचा हात चकलीला माझ्यापेक्षा चांगला बसलाय. मुलं परदेशात आहेत त्यांचे डबे आधी निघतात. लाडू आणि शंकरपाळे नीट पोचतात, चकल्या चिवड्यात खुपसून ठेवल्या तर बऱ्याच साबूत राहतात, चिरोटे पाठवायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

यंदा पाळी बदलापूरला आहे. तिच्याकडे अंगण आहे, पोहे वाळतील. वही माझ्याकडे असते. बँकेतल्या काकूंनीच दिली, उरलेल्या कोऱ्या पानांसकट. या वेळी आमच्यातल्या एकीच्या घरी दुःख झालंय, तेव्हा तिचा डबा आधी भरायचा आणि संध्याकाळी तिघींनी मिळून कल्याणला जायचं हे ठरलंय. अनारशाचं पीठ मुरायला हवं, म्हणून तांदूळ बुधवारी भिजत घालायचे. ते काम पुण्याच्या मैत्रिणीचं. तिला आज रात्री फोन करून आठवण करते.