बाईंच्या रक्ताची स्लाइड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या जीवशास्त्राच्या बाई. बाकीच्या आठवणी इतर जण लिहितीलच.

मी दहावीत होतो. पोळा होऊन गेला होता. मारबतीच्या मिरवणुकीतला 'रोगराई घेऊन जा गे मारबत' हा नागपूरच्या महाल भागातला आवाज अजून कानात होता. आठवडाभर मलेरियाने आजारी असलेल्या बाई त्या दिवशी आल्या आणि पर्समधून कागदात गुंडाळलेली काच काढली. "माझंच रक्त आहे. पॅथॉलॉजीतून मागून आणलं."

तेलाचा थेंब लावून बघायची लेन्स असलेला आपला एकच सूक्ष्मदर्शक. तो खिडकीपाशी ठेवला. ढग आला की उजेड जायचा, मग बाई बोटाने आरसा जरासा फिरवायच्या. माझी पाळी आली. फिकट गुलाबी पेशींच्या गर्दीत एक जरा फुगलेली, तिच्यात निळसर कडं, कड्यावर लाल ठिपका. अगदी खड्याची अंगठी!

"तांबड्या पेशीला केंद्रक नाही," बाई म्हणाल्या, "आत कोण शिरलंय हे ती बाहेर कळवू शकत नाही. म्हणून लपायला बरी. हा मलेरियाचा परजीवी आत बसून हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं हीम त्यालाही विषारी, म्हणून त्याचे तपकिरी स्फटिक करून ठेवतो. 48 तासांत एकाचे डझनभर तरी होतात आणि पेशी फोडून निघतात. मला हुडहुडी भरायची ती तेव्हाच."

"मग ताप गेला तरी गोळ्या कशाला, बाई?"

"रक्तातले मेले. पण हा व्हायवॅक्स जातीचा आहे. ह्याचे काही यकृतात झोपून राहतात, महिन्यांनी उठतात. 14 दिवस घ्यायच्याच."

आज धंतोलीत माझी स्वतःची पॅथॉलॉजी आहे. पावसाळ्यात गडचिरोलीकडचे पेशंट येतात. फाल्सिपेरम ही मलेरियाच्या परजीवीची जास्त घातक जात. तो आत वाढला की तो असलेली पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते, खराब पेशी गाळणाऱ्या प्लीहेच्या तावडीत सापडत नाही. स्लाइडवर चारच कडी दिसतात आणि पेशंट बेशुद्ध असतो. म्हणून रक्ताच्या जाड थेंबाची 100 फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे भाग, पाहिल्याशिवाय मी निगेटिव्ह लिहीत नाही. ही सवय बाईंची. "अजून सरकव, अजून सरकव," म्हणत त्या मागे उभ्या असायच्या.

आता शाळेच्या प्रयोगशाळेत मोठा स्क्रीन लागलाय. सगळ्या वर्गाला एकदम दिसतं. पण स्वतःच्या हाताने स्क्रू फिरवून धूसर कडं स्पष्ट झालं तेव्हा माझा श्वास अडकला होता, तसा त्या स्क्रीनसमोर कोणाचा अडकेल असं मला वाटत नाही.

ती काच बाईंनी लाकडी पेटीत ठेवली होती, मागच्या कपाटात, खालच्या फळीवर. कोणाला सापडली तर कळवा. मी न्यायला येईन.